लक्ष्मीबाईंचे केस किती लांब

मुग्धाची लातूरजवळच्या मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी म्हणून नेमणूक झाली, तेव्हा तिच्या डोक्यावर केस असे फारसे उरले नव्हते. कानाच्या पाळीपर्यंत जेमतेम यायचे. तेही निम्मे सरळ आणि निम्मे कुरळे, एकाच डोक्यावर दोन माणसांचे असावेत तसे.

ती नांदेडची. वडील शरदचंद्र हे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. मुग्धाचे कुरळे केस त्यांच्या आईकडून आलेले. मुग्धाची आई इंदू हिचे केस मात्र दोऱ्यासारखे सरळ. त्यामुळे या पोरीच्या डोक्याचं काय करायचं हे इंदूला कधी उमगलंच नाही. शाळेच्या दिवसांत रोज सकाळी ती बारीक दातांचा कंगवा घेऊन बसायची, कोरड्या केसांवरून वरून खाली ओढायची, आणि मुग्धा रडायची. पुढे कॉलेजात गेल्यावर केस सरळ करून घेण्याचा मार्ग निघाला. दर आठ महिन्यांनी स्मूदनिंग. पाच-सहा वेळा सगळं बरं चाललं. शेवटच्या वेळी मात्र केस मुळापासून वीतभर अंतरावर तुटायला लागले. उशीवर, बेसिनमध्ये, औषधांच्या खोक्यांवर केसच केस. मुग्धाने एक दिवस जाऊन उरलेले कापून टाकले आणि घरी येऊन सांगितलं, "आता पुन्हा नाही."

इंदू तीन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलली.

मुरुडला मुग्धाला हणमंतरावांच्या घराची वरची खोली मिळाली. हणमंतराव आणि लक्ष्मीबाई दोघंच राहायचे. मुलगा हरिओम पुण्याला कंपनीत होता. गावाबाहेर आठ एकर रान होतं, खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा आणि हरभऱ्याच्या कडेकडेने जवस. लक्ष्मीबाई पहिले दोन महिने मुग्धाला 'मॅडम' म्हणायच्या आणि दाराबाहेरून बोलायच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही.

वाढणाऱ्या कुरळ्या केसांचं काय करायचं, हे मुग्धा आता फोनवर बघून शिकत होती. कुणीतरी सांगितलं होतं की जवस पाण्यात उकळून त्याचा चिकट रस काढायचा आणि ओल्या केसांना लावायचा. तिने लक्ष्मीबाईंकडे वाटीभर जवस मागितले. दुसऱ्या दिवशी लसूण घालून कुटलेली जवसाची चटणी आली. तिने ती आवडीने खाल्ली आणि आठवड्याने परत जवस मागितले. परत चटणी आली, या वेळी जास्त तिखट. तिसऱ्यांदा मागितल्यावर लक्ष्मीबाई जिना चढून वर आल्या.

"मॅडम, चटणी चांगली झाली न्हाई का?"

"खूप चांगली झाली काकू. पण मला नुसते जवस पाहिजे होते, कच्चे."

"कच्चे कशाला? गळू झालंय का कुठं? पोटीस बांधायचंय?"

"नाही, डोक्याला लावायचेत."

लक्ष्मीबाईंनी तिच्या डोक्याकडे बारकाईने पाहिलं. "डोक्यात गळू झालंय?"

मुग्धाला हसू आवरेना. तिने सगळं समजावून सांगितलं. लक्ष्मीबाईंनी ऐकून घेतलं, मग त्या खाली गेल्या आणि शेरभर जवस घेऊन आल्या. पण परत गेल्या नाहीत. हे काय प्रकरण आहे ते बघायला दारातच बसल्या.

पहिला प्रयत्न फसला. मुग्धा अर्धं वाक्य फोनवर ऐकायची, अर्धं पातेल्यात बघायची, आणि तेवढ्यात जवसाची खळ झाली. गाळणीतून एक थेंब खाली पडेना. चमच्याने दाबलं तर गाळणीच वाकली.

"सोडा ते," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "इतकं आटवत्यात व्हय? पाणी घाला आजून." खाली जाऊन त्यांनी हणमंतरावांच्या जुन्या धोतराचा एक धुतलेला तुकडा आणला. रस परत सैल करून, गरम असतानाच त्या तुकड्यात ओतला आणि चक्का पिळावा तसा पीळ देऊन वरून खाली दाबत आणला. वाटीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा लांबलचक तार धरणारा रस पडला. "आता लावा काय लावायचंय ते. मी बघते."

मुग्धाने ओल्या केसांना तो रस लावला, बोटांनी मुठी वळल्यासारखे केस वर दाबले आणि धोतराचाच दुसरा तुकडा बांधून बसली. तासाभराने सोडलं तर केस वाळून कडक झाले होते.

लक्ष्मीबाईंनी एक बट बोटाने टोकरली. "हे तर पापडावानी झालंय."

"आता चुरगाळायचं. बघा." मुग्धाने ओंजळीत केस घेऊन हळूहळू दाबले. कडकपणा मोडला आणि गोल गोल वेटोळी सुटी झाली, मऊ आणि चकचकीत. तिने आरशात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. आपल्या डोक्यावर हे असं काही उगवतं, हे तिला सव्वीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

लक्ष्मीबाई तिच्याकडे एका वेगळ्याच नजरेने बघत होत्या.

त्याचं कारण मुग्धाला दिवाळीत कळलं. नरकचतुर्दशीला पहाटे ती खाली आली आणि लक्ष्मीबाई न्हाणीतून बाहेर पडल्या. केस मोकळे होते. मुग्धा जागीच थांबली. मानेपासून खांद्यापर्यंत, पाठीवर, दोन्ही बाजूंना फुललेले दाट कुरळे केस, त्यात पांढऱ्याचे पट्टे. लक्ष्मीबाईंनी घाईने लुगड्याचा पदर ओढला.

"काकू, तुमचे केस तर माझ्यासारखे आहेत."

"तुमच्यासारखे कुठलं माय. झुडूप हाय नुस्तं."

मग फराळाचं करता करता त्यांनी सांगितलं. किल्लारीजवळच्या गावातून त्या सतराव्या वर्षी सून म्हणून इथे आल्या. पहिल्या न्हाण्यानंतर केस वाळवायला त्या अंगणात बसल्या, तर नणंद हसून हसून लोळली. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी तेल थापून, केस ओढून असा घट्ट अंबाडा घालून दिला की डोळे ताणले गेले. तेव्हापासून तसाच. त्रेचाळीस वर्षं.

"आणि काकांनी पाहिलेत का कधी?"

"ह्यांनी? ह्यांनी कुठं पाह्यलेत नीट. ह्यांचं लक्ष बैलाकडं."

घट्ट अंबाड्याने एक केलं होतं. दोन्ही कानशिलांजवळ केस उडून रुपयाएवढी जागा मोकळी पडली होती. मुग्धाने ती बोटाने चाचपली. "काकू, हे ओढण्यानं झालंय. सैल ठेवलं तर कदाचित परत येतील. खात्रीनं सांगता येणार नाही, पण निदान आणखी जाणार नाहीत."

लक्ष्मीबाईंनी पंधरा दिवस घेतले. मग एका रविवारी सकाळी त्या स्वतःच ओसरीवर पाट टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "ये गं मुग्धा. काय करायचं ते कर."

'मॅडम' त्या दिवशी संपलं.

आधी न्हाणं झालं. बोअरच्या पाण्याने केसांवर पांढरट थर बसतो म्हणून शेवटचे दोन तांबे पिण्याच्या जारमधल्या पाण्याचे, त्यात थोडं लिंबू. लक्ष्मीबाईंना ती उधळपट्टी वाटली. मग ओल्या केसांना थोडं खोबरेल, त्यावर जवसाचा रस, आणि कंगवा नाहीच. बोटांनी, टोकाकडून सुरुवात करून, एकेक गाठ सोडवत वर. लक्ष्मीबाईंना वाटत होतं आता दुखेल, मग दुखेल. त्यांनी पाटाची कड धरून ठेवली होती. अर्ध्या तासाने ती सोडली.

"दुखत न्हाई की," त्या म्हणाल्या, जरा तक्रार केल्यासारख्या.

रोज रोज केसांना हात लागू नये म्हणून मुग्धाला त्यांचे पीळ घालायचे होते. एक बट घ्यायची, तिचे दोन पेड करायचे आणि ते एकमेकांवर गुंडाळत टोकापर्यंत न्यायचे. असे दहा-बारा पीळ घालून मागे सैल बांधून टाकले की आठवडाभर केस गुंतत नाहीत, तुटत नाहीत. तिने स्वतःच्या केसांवर करून पाहिले होते, पण सकाळपर्यंत ते सुटायचे. आताही तसंच झालं. एक पीळ पुरा होऊन दुसऱ्याला हात घालते, तोवर पहिला हळूच उलगडायचा. चौथ्या वेळी तिने हात टेकले.

हणमंतराव ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वासरासाठी अंबाडीच्या वाखाचं दावं वळत बसले होते. आपण इकडे बघतच नाही असं दाखवत ते मघापासून बघत होते.

"चुकतंय पोरी तुझं," ते म्हणाले.

"काय चुकतंय काका?"

"पेडाला पीळ कुठंय? नुस्ते दोन पेड एकमेकावर टाकलेस. ते ऱ्हातील कशाला?" त्यांनी वाखाचे दोन पेड तिच्यासमोर धरले. "हे बघ. आधी एकेका पेडाला उजवीकडं पीळ द्यायचा. दोन्हीला उजवीकडंच. मग दोन्ही पेड एकमेकावर घ्यायचे डावीकडं. ह्ये सुटाया बघतंय इकडं, ते सुटाया बघतंय तिकडं. एकमेकाला धरून बसतंय." त्यांनी दाव्याचं टोक सोडून दिलं. ते जागचं हललं नाही.

मुग्धाने तसं केलं. पेडाला उजवीकडे, पेडावर पेड डावीकडे, दर वळशाला परत उजवीकडे. पीळ टोकापर्यंत गेला. तिने हात काढून घेतला. पीळ तसाच लोंबत राहिला.

"बसला की," लक्ष्मीबाई हाताने चाचपत म्हणाल्या.

"बसणारच," हणमंतराव म्हणाले. मग उठून जवळ आले, बायकोच्या मागे उभे राहिले आणि बराच वेळ तिच्या केसांकडे बघत राहिले. "आगं, एवढे केस हायेत तुला? मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही इचारलं कधी?"

पुढचा पीळ हणमंतरावांनी स्वतः घातला. तो मुग्धाच्या पिळापेक्षा सुबक झाला, फक्त जरा घट्ट. "काका, हे दावं नाही," मुग्धा म्हणाली. त्यांनी निमूट सोडून परत सैल घातला.

त्यानंतर दर रविवारी ओसरीवर हे चालायचं. मुग्धाचे केस मानेखाली उतरले. तिने उरलेली सरळ टोकं थोडी थोडी कापून टाकली. लक्ष्मीबाईंनी जुन्या रेशमी इरकलीचा तुकडा फाडून दोघींच्या उशांना अभ्रे शिवले, कारण सुती अभ्रा केसांतलं तेल ओढून घेतो असं मुग्धाने सांगितलं होतं. फेब्रुवारीत एक दिवस लक्ष्मीबाई कामावर जाणाऱ्या मुग्धाला अंगणात थांबवून, कानशील पुढे करून उन्हात उभ्या राहिल्या. मोकळ्या जागेवर बारीक, करडी लव उगवली होती.

तेवढ्यात नांदेडहून इंदूचा फोन आला. मुग्धाचा धाकटा भाऊ आलोक याचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. "महिला दिन रविवारी आहे, तुला सुट्टी असेल. मी सकाळच्या गाडीनं येते. तिथून आपण दोघी लातूरला जाऊ. मी पार्लरमध्ये दोघींची वेळ घेऊन ठेवली आहे. लग्नात तरी केस नीट दिसू दे."

"आई, मी सांगितलंय तुला."

"येऊन बोलू," इंदू म्हणाली आणि फोन ठेवला.

इंदू आली तेव्हा घरात कुणाला बोलायला सवड नव्हती. महिला बचत गटाचा कार्यक्रम अकराला होता आणि लक्ष्मीबाई नव्या लुगड्यात तयार बसल्या होत्या. "इंदूताई, चला तुम्ही पण. पार्लर काय पळून जातंय का?" त्यांनी इंदूचा हात धरला आणि सोडला नाही. इंदूला जावं लागलं.

सभागृह भरलं होतं. गटाची अध्यक्ष उज्वला अंगणवाडी चालवायची. भाषणं आणि संगीत खुर्ची आटोपल्यावर तिने शिंप्याकडून आणलेली टेप काढली आणि लांब केसांची स्पर्धा जाहीर केली. शेजारच्या शिवकांताचे केस मांडीपर्यंत होते, दर वर्षी बक्षीस तीच घ्यायची. अकरा जणी उठल्या. शिवकांताने चेष्टेने हाक मारली, "लक्ष्मीबाई, या की तुम्ही पण. एवढासा अंबाडा, मोजायला टाइम लागायचा न्हाई."

बायका हसल्या. मुग्धा हळूच म्हणाली, "काकू, मनात नसेल तर नको."

लक्ष्मीबाई उठल्या. चालत पुढे गेल्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि आठवड्याचे पीळ एकेक करून सोडायला लागल्या. सहा, सात, आठ. सोडलेला प्रत्येक पीळ वेटोळं होऊन फुलत गेला. त्यांनी बोटं घालून केस मोकळे केले. सभागृहात कुजबुज पसरली. इतकी वर्षं लग्नाकार्यात, बाजारात, दवाखान्यात भेटलेल्या या बाईचं डोकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

उज्वलाने टेप लावली. "सतरा इंच."

शिवकांता म्हणाली, "मी म्हणलं न्हाई का?"

मुग्धा खुर्चीवरून म्हणाली, "ताई, एक बट ओढून मोजा ना."

उज्वलाने एक बट टोकाला धरून खाली ओढली. ती खांद्याखाली आली, पाठीच्या मध्यावर आली, कमरेखाली गेली. उज्वला गुडघ्यात वाकली. "छत्तीस," ती म्हणाली, आणि तिच्या हातून बट सुटली. बट सरकन वर गेली आणि पुन्हा खांद्यावर वेटोळं होऊन बसली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्यांदा करा की."

उज्वलाने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. हसण्याची लाट आली, पण त्यात चेष्टा नव्हती, आणि सगळ्यांत मोठ्याने लक्ष्मीबाई हसत होत्या. शिवकांताने हरकत घेतली की ओढून मोजायचं तर आपलेही ओढून मोजावेत. तिचे ओढले. एक्केचाळीस होते, एक्केचाळीसच राहिले. मग ती पण हसली. पहिलं बक्षीस तिचंच होतं. लक्ष्मीबाईंच्या नावापुढे काय लिहावं हा उज्वलाला प्रश्न पडला. सतरा धरले तर त्या शेवटच्या येत होत्या आणि छत्तीस धरले तर तिसऱ्या.

"दोन्ही लिव्ह," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "दोन्ही माझेच हायेत."

कार्यक्रम तिथेच मोडला. बायका लक्ष्मीबाईंभोवती जमल्या, बट ओढून बघायला लागल्या, आणि मग एकेकीने आपापले अंबाडे सोडले. किती जणींचे केस कुरळे निघाले. दोन सख्ख्या जावांना एकमेकींचे माहीत नव्हते. लक्ष्मीबाई प्रत्येकीला सांगत होत्या, जवस किती, पाणी किती, खळ होऊ द्यायची नाही.

एक तरुण आई मुग्धाजवळ आली. कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी, डोळे रडून सुजलेले, केसांचा गुंता. "मॅडम, रोज सकाळी रडारड. काय करावं कळत न्हाई."

मुग्धा पायरीवर बसली. मुलीला पुढे घेतलं, आपल्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन तिचे केस ओले केले आणि टोकाकडून, बोटांनी, एकेक गाठ सोडवायला लागली. मुलगी आधी आक्रसून बसली. मग तिने हातातली राजगिऱ्याची वडी खायला सुरुवात केली. वडी संपेपर्यंत गुंता सुटला होता.

इंदू चार पावलांवर उभी राहून हे पाहत होती. तिने पर्स छातीशी धरली होती. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसली असताना ती एकदम म्हणाली, "मी वरून विंचरायचे."

मुग्धाने तिच्याकडे पाहिलं.

"वरून खाली. आणि कोरडे. तू रडायचीस तर मला वाटायचं, ही हट्टी आहे."

"तुला कुणी सांगितलं होतं आई? मला तरी कुठं माहीत होतं."

"तुझ्या आजीला विचारायला हवं होतं. तिचे पण असेच होते." इंदू थांबली. "पण आमचं तेव्हा फारसं बोलणं नव्हतं."

लक्ष्मीबाईंनी आतून जवसाच्या रसाची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. "घ्या. बोटानं करा. टोकाकडनं." इंदूने पाटली मागे सारली. मुग्धा तिच्यापुढे पाठ करून बसली. आधी इंदूचे हात घाबरत होते. एका ठिकाणी केस ओढले गेले आणि ती लगेच थांबली. "दुखलं?"

"नाही. कर."

हणमंतरावांनी उजवीकडे-डावीकडे दोनदा समजावून सांगितलं. इंदूचे पहिले तीन पीळ सुटले. चौथा राहिला. तिने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं की लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावून हसू लपवलं. दरम्यान पर्समधला फोन वाजला. लातूरच्या पार्लरमधून, किती वेळात येताय म्हणून विचारत होते.

"आज नाही जमणार," इंदू म्हणाली. "नाही, पुढची वेळ पण नको. हो, दोघींचीही." फोन खांद्यात धरून तिने पुढची बट उचलली.

पाच वाजले. हणमंतरावांनी नांदेडच्या गाडीची आठवण दिली. इंदूने अजून डावी बाजू बाकी आहे असं सांगितलं. साडेपाचला त्यांनी परत सांगितलं. मग सांगायचं सोडून ते पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. इंदूने शरदचंद्रांना फोन करून कळवलं की आज येत नाही, कुकर लावून घ्या.

सोमवारी सकाळी मुग्धा औषधांच्या खिडकीत बसली तेव्हा तिच्या डोक्यावर चौदा पीळ होते. उजवीकडचे सरळ होते आणि डावीकडचे वेगवेगळ्या जाडीचे. ओळीतल्या पहिल्या आजीबाईंनी कागद पुढे करण्याआधी विचारलं, "कोणी घातलेत गं?"

"आईनं," मुग्धा म्हणाली.